सोलापूरकरांनी स्वतःचे विमान अवश्य घ्यावे

होटगी रस्त्यावरील विमानतळावर ये-जा करणाऱ्या विमानांच्या वाटेत उभी असलेली साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, आणि तेव्हापासून सोलापूरकराने स्वतःचे विमान न घेण्यास एकही सबळ कारण उरलेले नाही. लांबच्या प्रवासासाठी रेल्वेच्या प्रतीक्षायादीत ताटकळणे आपल्यासारख्या प्रतिष्ठित गृहस्थास शोभत नाही. तेव्हा सेसना १७२ हे एक छोटे विमान घ्यावे. ते ताशी सव्वादोनशे किलोमीटरने जाते, दारात हत्ती झुलल्याचे समाधान देते, आणि त्याला चार आसने असतात.

चार आसने आहेत म्हणजे चार माणसे बसतील, असा बाळबोध समज मात्र करून घेऊ नये. टाक्या काठोकाठ भरल्या, म्हणजे सुमारे दोनशे लिटर इंधन घेतले, की माणसे आणि सामान मिळून साधारण अडीचशे किलोचीच मुभा उरते; म्हणून निघण्यापूर्वी घरच्या मंडळींना वजनकाट्यावर उभे करावे, आणि सासरेबुवा की चादरींचा गठ्ठा, हा निर्णय सौभाग्यवतींवर सोपवावा. (कडक भाकरी हलकी असल्याने तिच्यावर बंधन नाही.) मे महिन्यात हा हिशेबही कोलमडतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरही उंच नाही, तरी त्रेचाळीस अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी ते उड्डाण कळसूबाईच्या माथ्याजवळून होत असते. ते धावपट्टीवर लांबवर धावत राहते आणि वर चढायला कुरकुरते.

इंधनाच्या बाबतीत जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवावा लागेल. आपल्या उसाचे इथेनॉल गावोगावच्या गाड्यांत जाते, पण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल या इंजिनाला वर्ज्य आहे. त्याला अव्हगॅस, म्हणजे विमानांसाठीचे शिसे असलेले, निळसर पेट्रोल लागते आणि ते मोजक्याच विमानतळांवर मिळते. उड्डाणापूर्वी पंखाखाली वाकून ते थोडेसे पारदर्शक पेल्यात काढावे, उजेडाकडे धरावे आणि तळाशी पाण्याचा थेंब जमला आहे का ते पाहावे. ज्या शहरात नळाला पाणी येण्याची वाट पाहत दिवस काढावे लागतात, तिथे ते न बोलावता आपल्या टाकीत आलेले पाहून गहिवरून येऊ नये.

देखभालीबद्दल लोक उगीच घाबरवतात. ठरावीक तासांची तपासणी, वर्षाची तपासणी, उड्डाणयोग्यतेचे कागद, विमा आणि परवानाधारक इंजिनिअर, एवढेच काय ते लागते. सात रस्त्यावरचा आपला नेहमीचा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याची सही चालत नाही. इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्यासाठी निर्माते दोन हजार तास किंवा बारा वर्षे अशी मुदत सांगतात, आणि आपली बारा वर्षेच आधी भरतील. पण उडवले नाही म्हणून वाचले, असेही नाही. उभ्या इंजिनात ओल धरते, कॅमशाफ्टला गंज चढतो, आणि जमिनीवर नुसते सुरू करून ठेवल्याने तो थांबत नाही. उडवले तर झिजते, ठेवले तर गंजते. निदान निर्णय घेण्याचा त्रास नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. पुणे तासाभरावर आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने तिथली परवानगी मिळेपर्यंत, आणि उड्डाणाचा आराखडा नोंदवून हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक हाती येईपर्यंत, सकाळी मोटारीने निघालेला शेजारी स्वारगेटला चहा घेत असेल. ते मनावर घेऊ नये. नुसत्या नजरेच्या आधारे उडणाऱ्यास सूर्यास्तानंतर आणि ढगांत मनाई आहे, त्यामुळे रात्र आणि बराचसा पावसाळा वगळावा. उन्हाळ्याचे वर आलेच आहे. उरलेल्या दिवसांत मित्रांना जरूर न्यावे, मात्र खाजगी नोंदणीच्या विमानात भाडे घेता येत नाही, आणि नेमका हा एक नियम मित्रांना आधीपासून पाठ असतो.

इतके करूनही मुंबईच्या लग्नाला मुहूर्तावर पोहोचायचेच असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूरहून मुंबईला प्रवासी विमानसेवा सुरू झाली आहे, तिचे तिकीट काढावे. मांडवात ‘विमानाने आलो’ एवढेच म्हणावे. कोणाच्या, हे सहसा कोणी विचारत नाही.