ओरिजिनल नसेल तर हात लावू नका

राजेहो, इलेक्ट्रिक गिटारचा नाद लागला असेल तर आधी सातबारा काढून पाहा. अमेरिकेत बनलेली फेंडर कंपनीची टेलिकास्टर गिटार आज दीड-दोन लाखांच्या घरात जाते. तेवढ्यात एक बरी बाईक येते, विहिरीवरची मोटार बदलून होते आणि वर पोरीच्या कॉलेजची फी निघते, असले क्षुद्र विचार मनात आणू नका. कलेत हिशेब चालत नसतो. कापसाचा चुकारा हाती आला की तडक मुंबई गाठा. चुकारा कृषी केंद्रवाल्याच्या उधारीतच जिरला असेल तर पुढच्या हंगामाची वाट पाहा आणि तोवर बोटं हवेत फिरवत राहा. पंधरा-वीस हजारांची गिटार घेऊन बोटांना वाईट वळण लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दुसरं म्हणजे, गिटार ऐकायची नसते, वाचायची असते. कुणी वाजवत असेल तर डोळे मिटून माना डोलावू नका, तो गावंढळपणा झाला. पुढे व्हा, हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात तिथे, काय लिहिलंय ते वाचा, आणि मगच सूर चांगला लागला की वाईट ते ठरवा.

तारा कधीच बदलू नका. गंजल्या की 'विंटेज टोन' म्हणा.

इतिहास मात्र वाचू नका, त्याने श्रद्धा डळमळते. ज्या टेलिकास्टरपुढे आज आपण उदबत्ती लावतो, ती काढली लिओ फेंडर नावाच्या माणसाने. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली त्याने जे बाजारात आणलं ती सपाट फळी होती. जुन्या कारागिरांसारखं कोरीवकाम नाही, फुगीर पोट नाही, आणि मान तर चक्क चार स्क्रूंनी आवळलेली. कारण काय, तर कारखान्यात झटपट बनावी, कमी पैशांत पडावी आणि बिघडली तर तेवढाच भाग काढून दुसरा बसवता यावा. तेव्हाच्या जाणकारांनी या फळीला नाकं मुरडली होती. म्हणजे ज्या 'ओरिजिनल'चा धाक दाखवतात, तीच मुळात कामकऱ्याला परवडावी म्हणून काढलेली वस्तू. पण हे चारचौघांत बोलू नका, पाहुणे नाराज होतात.

पुढची गंमत तर अजिबात सांगू नका. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने फेंडर आणि तिची अमेरिकी प्रतिस्पर्धी गिब्सन यांच्या गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला काढू लागले की 1982 मध्ये फेंडरने स्वतःच जपानात कारखानदारांशी भागीदारी केली आणि स्क्वायर या नावाने स्वस्त गिटारी काढल्या. स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी कंपनी, फेंडरने ती 1965 मध्येच घेऊन ठेवली होती. त्या सुरुवातीच्या जपानी स्क्वायर गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात आणि वाट्टेल ते पैसे मोजतात. तीच गत एपिफोनची. एकेकाळी गिब्सनला टक्कर देणारं हे नाव 1957 मध्ये गिब्सनच्याच मालकांनी विकत घेतलं आणि पुढे त्याच नावाने लेस पॉल या गिब्सनच्या नावाजलेल्या गिटारीची स्वस्त भावंडं काढली. तेव्हा आज डुप्लिकेट म्हणून हिणवलेलं उद्या अॅन्टिक होतं. पण तुम्ही आजच्या आज हिणवायला विसरू नका.

लाकडाबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणा आणि 'टोनवूड', म्हणजे सुराला चांगलं लाकूड, हा शब्द घ्या. स्वस्त गिटारीच्या फ्रेटबोर्डाला, म्हणजे मानेवर बोटं दाबतात त्या पट्टीला, शिसम नसतं, दुसरंच काहीतरी लावतात, असं म्हणून सुस्कारा टाका. 2017 साली शिसमाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, त्याची कागदपत्रं सांभाळणं कंपन्यांना जड गेलं, मग अनेक स्वस्त मॉडेलांवर 'इंडियन लॉरेल' दिसू लागलं. ते लाकूड म्हणजे आपला ऐन. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ज्याच्या पानांवर कोशाच्या अळ्या पोसतात, तोच. आपल्याच जंगलात उभं असलेल्या झाडाला आपल्याच गावात 'हलकं परदेशी लाकूड' म्हणायला जी विद्वत्ता लागते ती दोन लाखांच्या गिटारीसोबत फुकट मिळत असावी.

आणि हार्डबोर्ड! डॅनइलेक्ट्रो नावाच्या कंपनीने पन्नासच्या दशकात लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून गिटारी काढल्या, पिकअप, म्हणजे तारांखाली बसणारी चुंबक-गुंडाळी, चक्क लिपस्टिकच्या नळ्यांत भरले. लेड झेपलिन या रॉक बँडचा गिटारवाला जिमी पेज स्टेजवर तसली गिटार घेऊन उभा राहायचा. बिचाऱ्याला आपल्याकडचे जावई भेटले नव्हते.

आता जावयांचा विषय निघालाच आहे, तर ऐका. परवा शेजारी हळद होती. शेजारचं पोट्टं, बारावीतलं, दोन वर्षांपासून मोबाईलवर पाहून शिकतंय. गिटार टेलिकास्टरच्या घाटाची, स्वस्तातली. बापाने तुरीच्या पैशांतून घेऊन दिली. मांडवात भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर, त्यालाच वायर जोडली. अर्थिंगचं नाव नाही, एकाच गुंडाळीचा (सिंगल कॉइल) पिकअप, त्यामुळे भोंग्यातून हूंऽऽ असा आवाज सतत. तरी पोरानं एक भीमगीत असं उचललं की बाया हळद लावायच्या थांबल्या. पुण्याचे जावई खुर्चीवरून उठले, हात मागे बांधून पोराजवळ गेले, हेडस्टॉक वाचला आणि म्हणाले, "अरे, ही ओरिजिनल नाही. यात जीव नसतो. यापेक्षा साधी अकूस्टिक वाजव, नाहीतर पैसे साठव." आता, जावई. त्यांना कोण बोलणार? पोराचा बाप म्हणाला, "बरोबर हाय जी." बायको माझ्याकडे पाहत होती, गप बसा म्हणून. मी तरी एवढं विचारलं, "जावईबापू, तुमच्याकडं ओरिजिनल आहे, तर एक तुकडा वाजवता काय?" तर म्हणे, आज पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, आणला नाही. पिक! पोरगं एटीएम कार्डाच्या तुकड्याने वाजवत होतं. नंतर कळलं, जावयांची गिटार भिंतीवर काचेच्या पेटीत आहे आणि ती 'इन्व्हेस्टमेंट' आहे.

भोंग्यातून लाकूड ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तार हलते, खालच्या चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो, गुंडाळीत वीज निर्माण होते, ती वायरीतून जाते. तारेला हेडस्टॉकवरचं नाव वाचता येत नाही. महाग गिटारीत अल्निको या मिश्रधातूची चुंबकं असतात, स्वस्तात बहुतेक वेळा सिरॅमिक, आवाज थोडा कडक येतो. हे खरं आहे आणि चांगल्या अॅम्पवर ते ऐकूही येतं. भजनी मंडळाच्या भोंग्यावर ते ऐकू आलं म्हणणाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नाही, दुसऱ्याच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे.

सेटअप, म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक जुळवणं, करून घेऊ नका. तसाही कोणी करून देत नाही. दुकानदार खोक्यातून काढतो, खोक्यातच घालून देतो. वरचा नट, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, इतका उंच की पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीशी) एफ कॉर्ड धरताना करंगळीच्या डोळ्यांत पाणी यावं. बाराव्या फ्रेटवर तार दोन मिलिमीटरच्या आसपास हवी, ती तिथे एखादी वेल मांडवावर चढवावी तशी चढलेली. 'सेट होईल हळूहळू' म्हणतात. काय सेट होईल? बोट की गिटार? दोन लाखांच्या गिर्‍हाइकाला बसवून चहा पाजतात, मानेतली ट्रस रॉड (बाक सरळ करणारी सळई) फिरवून देतात, आणि पंधरा हजारांच्या गिर्‍हाइकाला अॅलन कीसुद्धा शोधून देत नाहीत. त्यातून आपला उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या वर, हवेत ओल नाही, लाकूड आक्रसतं, पण फ्रेटची धातूची तार आक्रसत नाही. मग तिची टोकं मानेच्या कडेने बाहेर येतात आणि हात सरकवला की तळवा ओरबाडला जातो. हे महागाच्या गिटारीतही होतं, बरं का. तिथे त्याला 'क्लायमेट' म्हणतात, इथे 'चायना माल'.

त्या पोराच्या गिटारीचं आम्ही काय केलं ते सांगतो. सोनाराकडून बारीक कानस मागून आणली, फ्रेटबोर्डावर चिकटपट्टी लावली, कानस तिरपी धरून एकेक टोक हलक्या हाताने घासलं आणि प्रत्येक वेळी अंगठा फिरवून पाहिला. नटच्या खाचा केसभर खोल केल्या. खाली तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या, सुराला लावल्या. खरखरणारा व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग, मोबाईल दुरुस्तीवाल्याने झाळून बदलला, त्याने पैसेही घेतले नाहीत. खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. आणि मग ती गिटार वाजू लागली. मान मेपल लाकडाचीच होती, सरळ होती, यंत्रावर कापलेली होती, आणि यंत्र गरिबाची मान वाकडी कापत नाही. स्वस्त गिटारीत कंपनी पैसे वाचवते ते नट, स्विच, पॉट, जॅक आणि खुंट्यांत. सगळं बदलता येतं. लिओ फेंडरने मान स्क्रूने बसवली ती उगाच नव्हे.

सगळाच स्वस्त माल चांगला, असं माझं म्हणणं नाही. ज्यावर कोणाचंच नाव नाही, खुंटी पिळली की सूर पुढच्या गाण्याआधी उतरतो, मानेत पीळ आहे, तसली घेऊ नका. ती कानशीने सुधरत नाही.

पण जी वाजते, सुरात राहते, हाताला लागत नाही, तिला नावं ठेवणाऱ्या शहाण्यांनो, जरा ऐका. तुम्हाला वाजवता येत नाही, ठीक आहे. येत नसेल तर ऐका. ऐकता येत नसेल तर गप जेवा. हळदीच्या दिवसापासून त्या पोरानं गिटार खोळीत घालून माळ्यावर टाकली आहे. बापाला म्हणतो, विकून टाका. तुमच्या एका वाक्यासाठी. दोन वर्षं रोज शेतातून येऊन, लाईट गेली की अंधारात, तारांनी बोटं सोलून त्याने जे कमावलं ते तुम्ही जेवणाआधी तोंड चाळवायला म्हणून मोडून ठेवलं आणि वर श्रीखंड मागून घेतलं! लाजा कशा वाटत नाहीत? एवढाच सूर कळत असेल तर त्याला तारांचा एक संच पाठवा, नऊ नंबरच्या, म्हणजे बारीक. तालुक्याला मिळत नाहीत, नागपूरला जावं लागतं. आणि सोबत पिकही पाठवा दोन-चार, एटीएम कार्ड संपत आलंय.