घ्या की हो प्यादं!

बुद्धिबळात डावाचा मध्य अवघड आणि शेवट त्याहून अवघड, असं जाणकार सांगतात. हे जाणकार आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कधी खेळलेले नाहीत. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर सुरुवातीच्या सहा-सात चालींतच माणसाला घाम फुटतो. मध्यापर्यंत पोचलेला डाव मी तरी पाहिलेला नाही.

याला कारण बघे. खासबागेत दोन पैलवान मनगटं धरून खडाखडी करत असतात तेव्हा अख्खं मैदान दम धरून बसतं. समोरचा ताकद अजमावतोय, पट काढायची जागा हुडकतोय, हे शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. बुद्धिबळाची सुरुवात म्हणजे हीच खडाखडी. पण तीच माणसं पटाभोवती जमली की पहिल्या चालीपासून "मार की! मार की लेका!" सुरू. अहो, मारू काय? अजून कुणी कुणाच्या अंगणातही गेलेलं नाही.

त्या रविवारी समोर आबा होते. तालमीतलं जुनं खोड. 'मैत्रीचा डाव' हा शब्द त्यांचाच, आणि त्याचा अर्थही तेच ठरवतात. सोंगट्या तालमीच्या. त्यात माझ्या राजाकडचा पांढरा हत्ती कुठल्याशा गणपतीत हरवला, त्याच्या जागी फुटबॉलच्या पंचाची शिट्टी ठेवतात. आमची तालीम तशी फुटबॉलवाली, त्यामुळं शिट्ट्यांना तोटा नाही.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघून 'क्वीन्स गॅम्बिट' नावाची सुरुवात चांगली घोटून आलो होतो. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग त्याच्या शेजारचं, उंटापुढचं, दोन घरं. हे दुसरं प्यादं समोरच्याला खुशाल देऊ करायचं. त्यानं मारलं की त्याचं मधलं प्यादं बाजूला जातं आणि पटाचा मध्य आपल्याला मोकळा. फार जुनं दुकान आहे हे, पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात सापडतं. १९२७ साली ब्युनोस आयरेसला कापाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी भिडले, तेव्हा ३४ पैकी ३२ डाव याच सुरुवातीचे झाले. मात्र त्या दोघांनी एकमेकांचा एक मान राखला होता. काळं घेऊन बसलेला आपलं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकायचा.

आबा प्यादं दोन घरं टाकत नाहीत.

"शिपाई हाय त्यो," ते म्हणाले, "पायी चालतोय. पायी चालणारा माणूस दोन पावलं एकदम टाकतोय व्हय?"

त्यांनी घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मी उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं ठेवून वाट बघत बसलो. आबांनी वजिरापुढचंही एकच घर सरकवलं. म्हणजे मी प्यादं द्यायला बसलेलो आणि घ्यायला समोर कुणी नाही. बोहल्यावर अंतरपाट धरलेला आणि नवरी अजून गावाच्या वेशीवर!

"घ्या की हो प्यादं!" मी शेवटी म्हणालो.

"कशाला? माझी माझी आठ हायती."

आता यात आबांचा निव्वळ हट्ट नाही, हे मला कबूल करायला हवं. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं एकच घर चालायचं. त्यामुळं लोक घाई न करता, प्यादी एकेक घर सरकवून, उंट कोपऱ्याजवळ दडवून बसायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाच्या बड्या स्कॉटिश खेळाडूपुढं महेशचंद्र बॅनर्जी असेच खेळायचे. त्या काळी युरोपला ही सुरुवात अडाणी वाटली असेल. पुढं तिचा 'इंडियन डिफेन्स' झाला आणि त्यावर कपाटं भरतील एवढी पुस्तकं निघाली. आबांनी त्यातलं एकही उघडलेलं नाही. तरी घोड्यापुढचं प्यादं, मग वजिरापुढचं, मग उंट त्या खिडकीत, मग राजाकडचा घोडा, असं करत करत ते बरोबर त्याच डिफेन्समधल्या 'किंग्ज इंडियन'मध्ये येऊन बसले. मी दोन महिन्यांचा डेटा जाळून जिथं पोचलो नव्हतो, तिथं हा माणूस तंबाखू मळत पोचला.

मळणंही घोड्यावर बोट ठेवून. आबांचा नियम असा, की बोट उचलत नाही तोवर चाल झाली नाही. ते एक बोट घोड्यावर ठेवून उरलेल्या हाताचे सगळे व्यवहार करतात. कुणाचा तरी सांगलीचा पाहुणा तिथं उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडं हात लावला की ती चाल." त्याचं चुकीचं नव्हतं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीला बुद्धिबळाचं वळण लावलं, पद्मश्री मिळालेल्या भाग्यश्री ठिपसे त्याच गावच्या. पण कोल्हापुरात सांगलीचा दाखला देऊ नये. मुद्दा बरोबर असेल तर मुळीच देऊ नये.

"मग सांगलीत खेळ जा," आबा म्हणाले. बोट घोड्यावरच.

आबांनी मग दोन्ही कडेची प्यादी एकेक घर सरकवली. तोवर माझा घोडा आणि उंट बाहेर आले होते, म्हणून मी कॅसलिंग केलं, म्हणजे राजाभोवती किल्ला बांधला. राजा दोन घरं उजवीकडं आणि शिट्टी उचलून त्याच्या पलीकडं. शिट्टी खाली ठेवायच्या आत एका पोरानं ती माझ्या हातातून घेतली आणि जोरात फुंकली.

"फाऊल! एका चालीत दोन मोहरी हलवली!"

झालं. अर्धा कट्टा म्हणे नियमात आहे, अर्धा म्हणे राजा पळून शिट्टीमागं लपतो ही कसली मर्दानगी. आबांनी तोड काढली. देशी डावात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. तुला किल्ला, तर मला उडी. मी नको म्हणालो, पंचायत बसली, चहा आला, आणि निकाल आबांच्या बाजूनं लागला.

आबांनी ऐटीत राजा उचलला. अडीच घरं मोजली. तिथं त्यांचा घोडा. दुसरीकडं मोजली, तिथं उंट. उरलेल्या दोन्ही घरांत त्यांचीच प्यादी. राजा बराच वेळ हवेत होता.

"राहू दे," राजा परत ठेवत ते म्हणाले. "हक्क राखून ठेवतो."

"मग चाल कुणाची?" मी विचारलं.

पंचायत पुन्हा बसली. शिट्टीवाल्या पोरानं मुद्दा मांडला, की मी दोन मोहरी हलवली म्हणजे दोन चाली खेळलो, तर आबांच्याही दोन व्हायला पाहिजेत. हे सगळ्यांना पटलं. सांगलीच्या पाहुण्यालाही पटलं, त्याला गाडी गाठायची होती.

आबांनी वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मग त्याच प्याद्यानं, तिरपं, माझं ते कधीपासून मांडून ठेवलेलं प्यादं मारलं.

"कवाधरनं घ्या घ्या करतोयस," ते म्हणाले, "म्हणून घेतलं."