हे मिनिट कोणाच्या खात्यात? : राक्षसपटातल्या माणसांविषयीच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की महाकाय राक्षसांच्या चित्रपटात माणसांची गोष्ट फसली, की उरतं ते फक्त रबर आणि धूळ. तुमच्या मते हा उगाचचा शहाणपणा. तिकीट राक्षसासाठी काढलेलं असतं, कुणाचं घरचं रडगाणं ऐकायला नाही. २०१४च्या अमेरिकन 'गॉडझिला'ने तुम्हाला ताटकळत ठेवलं, जपानी 'शिन गॉडझिला'त तर नुसत्या बैठका. माणसांचे प्रसंग निम्म्यावर आणले तर यातला कुठलाही चित्रपट सुधारेल, असा तुमचा दावा आहे.

'रबर आणि धूळ' हे शब्द मी मागे घेतो. टाळीच्या मोहात लिहिले गेले. १९५४ साली मूळ जपानी 'गॉडझिला'साठी त्या रबरी पोशाखाच्या आत नट हारुओ नाकाजिमा घामाघूम होऊन चालत होते, आणि पडद्यावर पाऊल सावकाश, जड पडावं म्हणून विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण करत होते. त्या कष्टांना हिणवायचा मला काही अधिकार नाही.

पण तुमचा मिनिटांचा हिशेब मला पटत नाही. चित्रपटातली अमुक मिनिटं राक्षसाची, अमुक माणसांची, एकाची कापली की दुसऱ्याची वाढली, असं तुम्ही धरून चालता. १९५४च्या 'गॉडझिला'तला एक प्रसंग घ्या. शहर पेटलंय. एक बाई रस्त्याकडेला आपल्या मुलांना कवटाळून बसली आहे आणि त्यांना समजावते आहे, की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. एवढंच. तिला नाव नाही, आधी ती कधी दिसलेली नाही, पुढेही दिसत नाही. महायुद्ध संपून नऊच वर्षं झाली होती, तेव्हा बाबा कुठे आहेत हे त्या प्रेक्षकांना सांगायची गरजच नव्हती. आता मला सांगा, ही काही सेकंदं तुम्ही कुणाच्या खात्यात टाकाल? गॉडझिला किती भयंकर आहे हे त्या बाईमुळे जेवढं कळतं तेवढं कोसळणाऱ्या इमारतींनीही कळत नाही.

त्याच चित्रपटात गॉडझिलाचं पहिलं दर्शन ओदो बेटावर होतं. गावकरी धावतपळत टेकडी चढतात आणि पलीकडून, कड्याच्या वर, एक डोकं येतं. चढणारी गर्दी उलटी फिरून खाली धावत सुटते. त्या गॉडझिलाची उंची ५० मीटर ठरवलेली होती. 'शिन'मधला ११८.५ मीटरचा, म्हणजे दुपटीहून जास्त. तरी माझ्या डोळ्यांपुढे मोठा म्हणून उभा राहतो तो टेकडीमागचाच, कारण त्याला मोजायला खाली माणसं आहेत. ती काढा, मग ५० काय आणि ११८ काय, सारखंच.

दिग्दर्शक ग्विलेर्मो देल तोरोच्या 'पॅसिफिक रिम'मध्ये (२०१३) तर हा प्रश्न सरळ मुळातच मिटवलाय. माणसाला राक्षसाशी लढणाऱ्या यंत्राच्या आतच बसवलं! वर दोन चालकांची मनं जोडलेली, म्हणजे एकाची आठवण बिघडली की यंत्र बिघडणार. त्या चालकांपैकी माको, आठवणीतली लहानपणीची, उद्ध्वस्त रस्त्यावर एकटी उभी आहे, हातात एक लाल बूट, आणि मागून खेकड्यासारखा राक्षस येतोय. संवाद जवळजवळ नाहीच. बाकीच्या चित्रपटाबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, पण तो लाल बूट मी विसरू शकत नाही. तुमच्या वहीत हा प्रसंग 'माणसांचा' म्हणून कापला जाईल. राक्षस तर त्यात चांगला भरपूर आहे.

आता तुमचं दुखणं. ते खरं आहे, आणि ते बरंच जुनंही आहे. मूळ 'गॉडझिला' अमेरिकेत १९५६ साली दाखवला तेव्हा त्यात रेमंड बर या नटाला अमेरिकन वार्ताहर म्हणून घुसवलं. त्याचे प्रसंग वेगळे चित्रित करून मूळ फिल्मला जोडले. हा गृहस्थ खिडकीतून बघतो, घाम पुसतो, काय चाललंय ते सांगतो. राक्षसाला तो दिसत नाही, आणि राक्षसाच्या वाटेत त्याच्यामुळे एक खडाही हलत नाही. तुम्हाला कंटाळा आणणारी सगळी पात्रं मला या माणसाच्या वंशातली वाटतात. फक्त आता त्यांना शिवण न दिसेल असं जोडतात. राक्षसाचं एकेक दृश्य महाग पडतं, बोलणारी माणसं स्वस्त पडतात, मग मधली जागा त्यांनी भरायची. 'गॉडझिला व्हर्सेस काँग'मधली (२०२१) पॉडकास्टवाल्याची टोळी मला तशीच भरताड वाटते, तिथे कात्री तुमच्या हातात द्यायला मी तयार आहे. पण त्याच चित्रपटातली जिया, काँग या महाकाय वानराशी हातवाऱ्यांच्या भाषेत बोलणारी ती मूकबधिर मुलगी, तिला हात लावू देणार नाही. काँग काय विचार करतोय हे आपल्याला तिच्यामुळेच कळतं.

२०१४च्या चित्रपटाबाबत मी अर्धा तुमच्या बाजूने. होनोलुलूच्या विमानतळावर गॉडझिला पहिल्यांदा पूर्ण दिसतो, डरकाळी फोडतो, आणि पुढच्या क्षणी आपण एका घरात, तीच मारामारी एक लहान मुलगा टीव्हीवर बघतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. खोडी चांगली होती. पण नंतर सॅन फ्रान्सिस्कोत गॉडझिला दुसऱ्या राक्षसाला भिडणार तेवढ्यात निवाऱ्याचा दरवाजा आपल्या तोंडावर बंद होतो, तेव्हा खोडीची उधारी झाली. शिवाय ज्याचं राक्षसाशी जुनं वैर होतं, तो बाप (ब्रायन क्रॅन्स्टन) लवकरच मरतो आणि गोष्ट त्याच्या मोठ्या, सैनिक मुलाच्या गळ्यात पडते. मुलाला फक्त घरी पोहोचायचंय.

पण त्याच मुलाच्या डोळ्यांनी आकाशातून मारलेली ती उडी आठवा. सैनिकांच्या पायांना लाल धूर, मुखवट्याच्या काचेतून दिसणारे ढग, कानात त्याचा स्वतःचा श्वास, आणि धुराच्या फटीत क्षणभर गॉडझिलाची पाठ. इथे तो मुलगा नसता, कॅमेरा नुसता हवेत तरंगत असता, तर हेच दृश्य चाललं असतं? मला तरी वाटत नाही.

'शिन गॉडझिला'वर (२०१६) मात्र मी मागे हटणार नाही. त्या बैठका म्हणजेच तिथली मारामारी. पंतप्रधान पत्रकारांसमोर ठामपणे सांगतात की प्राणी जमिनीवर येणार नाही, आणि तेवढ्यात कानात निरोप येतो की तो आलाय. मग हेलिकॉप्टरं गोळीबाराला सज्ज होतात, आणि रेल्वे फाटकाजवळ मागे राहिलेली दोन माणसं दिसतात. गोळी झाडायची की नाही? प्रश्न पायरी-पायरीने वर चढत पंतप्रधानांपर्यंत जातो, उत्तर पायरी-पायरीने खाली येतं, आणि हल्ला थांबतो. त्या उसंतीत निसटलेला प्राणी पुढे केवढा मोठा होतो ते तुम्ही पाहिलंच आहे. ती बैठक कापली तर त्याचं वाढणं नुसती जादू वाटेल. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी मुद्दाम खुर्च्या, टेबलं, कागद यांवर कॅमेरा असा पळवलाय की मला तरी श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. तुम्हाला जांभई आली, तर त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा तुम्ही दिलाच नाही, तो मीच देतो. १९६४च्या, गिदोरा या तीन डोक्यांच्या राक्षसाच्या चित्रपटात मॉथ्रा, गॉडझिला आणि रोडान हे तीन राक्षस चक्क आपापसात वाद घालतात, आणि दोन चिमुकल्या जुळ्या बहिणी माणसांना त्याचा तर्जुमा करून सांगतात. गॉडझिलाचं म्हणणं काय, तर माणसांना मदत का करायची, ती आपल्याला नेहमी त्रासच देतात. पंचाईत अशी, की तिथेही बाजूला उभं राहून ऐकणारी माणसं लागलीच.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय. 'शिन' पुन्हा बघणार असाल तर फक्त त्या फाटकापर्यंत बघा आणि कुठलं मिनिट कापायचं ते इथेच कळवा.