अ‍ॅसिडात टाकून नाण्यावरची तारीख परत येते म्हणे!

"जुन्या नाण्यावरची झिजलेली तारीख परत आणा आणि लाखो कमवा" हा मेसेज निपाणी-चिकोडीपासून पार खानापूरपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपात फिरायलाय. एरवी मी डिलीट करून गप्प बसलो असतो, पण आमच्या निपाणीच्या आत्यानं तो खरा मानला, देव्हाऱ्याखालच्या डब्यातली आजोबांच्या वेळची तांब्याची नाणी संडास धुवायच्या अ‍ॅसिडात टाकली आणि मला फोटो पाठवला, "तारीख यायलीया बघ रे!" तारीख कुठली, त्या नाण्यावर आधी जे दिसत होतं तेही गेलं होतं.

मेसेजात काय आहे ते थोडक्यात सांगतो. कुठलंही जुनं नाणं, शिवराई असो नाहीतर राणीछाप रुपया, बाथरूमच्या अ‍ॅसिडात दहा मिनिटं ठेवलं की पुसलेली तारीख वर येते. काळा थर म्हणजे नुसती घाण. परदेशातले कलेक्टर असंच करतात. तारीख दिसली की रिझर्व्ह बँक लाखांत विकत घेते, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरायचे.

आधी शिवराईचंच घेऊ, कारण यातच सगळ्यात मोठा मूर्खपणा आहे. शिवाजी महाराजांच्या शिवराईवर तारीख नसतेच हो! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची कड, झालं. जे कधी छापलंच नाही ते अ‍ॅसिड वर आणणार कुठनं? आपल्या सीमाभागात कितीतरी घरात एखाददुसरी शिवराई असते आणि लोक ती जपून ठेवतात, म्हणून हे जास्त लागतं. शिवराईचा प्रकार ओळखायचा तर अक्षरांचं वळण बघतात, ठिपके बघतात, वजन बघतात, आणि अ‍ॅसिड नेमकं हेच तिन्ही खातं. आत्याच्या फोटोतलं एक नाणं मी झूम करून बघितलं, आधीचा चॉकलेटी रंग जाऊन कच्च्या तांब्याचा गुलाबी रंग आलेला, 'राजा'तल्या 'ज'ची वाटी सपाट, कडेचे ठिपके गायब. तो चॉकलेटी थर घाण नव्हे, तांब्यावर शे-दोनशे वर्षांत आपोआप चढलेला थर असतो, खालच्या धातूला तोच सांभाळतो, आणि नाणं खरं आहे की परवा बनवलंय हे ओळखायलाही जाणकार आधी तोच बघतात. एकदा गेला की परत येत नाही, पितांबरीनं घासा नाहीतर चिंचेनं.

आता परदेशातल्या कलेक्टरांचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागतं. अमेरिकेत १९१३ ते १९३८ या काळात बायसनचं (तिकडच्या रानगव्यासारख्या प्राण्याचं) चित्र असलेलं पाच सेंटचं नाणं होतं, त्याची तारीख उंचवट्यावर असल्यामुळं वापरून लवकर झिजायची. त्यावर फेरिक क्लोराइड या अ‍ॅसिडसारख्या रसायनाचा थेंब टाकला की तारीख पुसट दिसते, कारण ठसा मारताना तिथला धातू वेगळा दाबला गेलेला असतो आणि अ‍ॅसिड त्याला आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीनं खातं. पण ते नाणं ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलचं. आपल्याकडं १९०७ ला आलेला नागमोडी कडेचा एक आणा त्याच धातूचा, म्हणजे तिथं कदाचित काहीतरी उमटेलही. पण तिकडचे कलेक्टरसुद्धा असलं नाणं 'अ‍ॅसिड लावलेलं' म्हणूनच विकतात, तारखेच्या जागी खरखरीत डाग राहतो आणि किंमत चांगल्या नाण्याच्या जवळपासही जात नाही. अल्बममधली रिकामी जागा भरायला घेतात, बस्स. यातनं तांब्याची शिवराई आणि चांदीचा रुपया संडासाच्या अ‍ॅसिडात बुडवा असा अर्थ कुणी काढला?

राणीछाप रुपयाचं तर बघाच. १८६२ तारखेचा रुपया पुढं बरीच वर्षं, १८७४ पर्यंत, त्याच तारखेनं पाडत होते. मरमर करून तारीख दिसली तरी नाणं नेमकं कुठल्या वर्षाचं ते कळत नाही, त्यासाठी मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजावे लागतात, आणि अ‍ॅसिडात तेही खराब होऊ शकतात. उलट सातव्या एडवर्ड राजाच्या चांदीच्या रुपयावर तारीख अजिबात दिसत नसली तरी बिनमुकुटाचं डोकं बघूनच कळतं की तो १९०३ ते १९१० मधला.

तारीख बघायचीच असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजलेल्या अंकाची सावली पडते, भिंगातनं वाचता येते. खर्च शून्य, नुकसान शून्य. आणि ते अ‍ॅसिड बंद बाथरूममध्ये उघडू नका, ब्लीचिंग पावडरच्या जवळ तर मुळीच नको, क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत भरला तर जिवावर बेततं.

रिझर्व्ह बँकेचं एका वाक्यात: ४ ऑगस्ट २०२१ ला बँकेनंच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही, आणि आमच्या नावानं ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. म्हणजे रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा माणूस चोरच. तुमच्या घरात कुणी भरले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड.