शंकासमाधान

"हाम्बुर्गला येऊन हाफेनसिटी न बघता परत गेलात तर आई मला फाडून खाईल," असं भाच्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. ती खरंच फाडून खाते, हे मला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळं मी मुकाट्यानं बूट चढवले.

भाचा तिथं इंजिनिअर आहे. पाहुण्यांना गाव दाखवायचं म्हटलं की त्याच्या अंगात येतं. समोर जे दिसतंय त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तिथं आधी काय होतं ते सांगतो. "मामा, ही ऑफिसं दिसतात ना? इथं आधी धक्का होता." "ही बाग दिसतेय? इथं आधी मालगाडीचे रूळ." दोन तासांत मला जेवढं म्हणून दाखवण्यात आलं, त्यातलं काहीही आता तिथं नव्हतं.

सुरुवात श्पायखरश्टाटपासून झाली. हे नाव आमच्या हिनं एकदाच उच्चारून पाहिलं आणि पुढं दिवसभर 'ती लाल गोदामं' यावर काम भागवलं. गोदामं मात्र खरोखर बघण्यासारखी. १८८३ साली बांधायला घेतली ती १९२७ पर्यंत बांधतच होते. पाण्यात लाकडी खांब ठोकून त्यांवर उभारलेल्या लाल विटांच्या उंचच उंच रांगा, मधून कालवे, वर माल खेचायच्या कप्प्या. कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे, सगळं इथं उतरायचं. २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

"आणि या गोदामांच्या आधी काय होतं?" मी विचारलं. आपणही त्याच्या खेळात भाग घ्यावा, एवढाच हेतू.

"घरं होती," तो म्हणाला. "सुमारे २०,००० माणसांना उठवलं इथून."

पहिल्यांदाच तो थोडा वेळ गप्प झाला. मग त्याला कॉफी आठवली. एवढ्या कॉफीच्या गावात येऊन कॉफी घ्यायची नाही म्हणजे काय! मग आला. मग कसला, दांडी लावलेला तांब्याच. भाच्यानं आग्रह करून दुसराही पाजला. पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ या दुसऱ्या तांब्यात आहे.

पूल ओलांडला की हाफेनसिटी. बोटी मोठ्या झाल्या, कंटेनर आले, जुनं बंदर अपुरं पडायला लागलं आणि धंदा नदीपल्याड सरकला. मागं उरलेल्या जागेवर २००० साली आराखडा करून नवं शहर वसवायला घेतलं. एकूण १५७ हेक्टर. हा आकडा भाच्यानं अभिमानानं सांगितला आणि त्याच क्षणी एल्ब नदीवरून गार वाऱ्याचा एक झोत माझ्या पोटाच्या नेमक्या खालच्या भागावर आदळला.

"मामा, काही शंका असली तर विचारा हं."

शंका होती. लघु होती, पण दर पाच मिनिटांनी गुरू होत चालली होती. विचारायची कशी? या भाच्याला बारशाच्या दिवशी मी हौसेनं मांडीवर घेतलं होतं आणि त्यानं माझा नवाकोरा झब्बा धुऊन काढला होता. त्याला तेव्हा अजिबात संकोच वाटला नव्हता. पण मी आता साठीचा, वडीलधारा, आणि तो वास्तुशास्त्रावर बोलत होता.

मी स्वतःच डोळ्यांनी शोध सुरू केला. सगळीकडं काच. इमारती काचेच्या, दारं काचेची, झाडं अजून कोवळी. १५७ हेक्टरांत आडोसा म्हणून कुठं नाही. पायऱ्यांच्या एका प्रशस्त उतरंडीला मॅगेलनचं नाव, दुसरीला मार्को पोलोचं, पुढं एक चौक वास्को द गामाचा. ही सगळी मंडळी महिनोन् महिने बोटीवर असायची. त्यांना बोटीचा कठडा होता.

"समुद्र इथून शंभर किलोमीटर लांब," भाचा पायरीवर उभा राहून सांगत होता, "तरी भरती-ओहोटी इथवर येते. साडेतीन मीटरचा फरक पडतो पाण्यात."

म्हणजे नदी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते. मी नुसताच भरत होतो.

मग त्यानं आम्हाला तळमजल्याचे पोलादी पूर-दरवाजे दाखवले. "एकदा बंद केले की बाहेरून कितीही दाब येऊ दे, थेंब जात नाही!" मी त्या दरवाज्यांकडं अत्यंत आपुलकीनं पाहिलं. फेब्रुवारी १९६२च्या पुरात या शहरातली ३१५ माणसं गेली; म्हणून ही सगळी नवी वस्ती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच भरावावर बांधली आहे, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला माझ्या दुःखाची लाज वाटली. दुःख तिथंच राहिलं.

"तुम्ही असे पाय आवळून काय चालताय?" ही कुजबुजली.

"थंडी," मी म्हणालो.

शेवटी एल्बफिलहार्मनी आली. खाली १९६०च्या दशकातलं विटांचं भक्कम गोदाम ("इथं आधी कोको, चहा आणि तंबाखू होता, मामा") आणि त्याच्या डोक्यावर काचेच्या लाटा, एकूण उंची ११० मीटर. आत संगीताचं सभागृह. शहराच्या तिजोरीवर ७ कोटी ७० लाख युरोंचा बोजा पडेल असं आधी सांगितलं होतं. शेवटी एकूण हिशोब ८६ कोटी ६० लाखांवर गेला. २०१० साली उघडायची ती २०१७च्या जानेवारीत उघडली.

"चांगल्या गोष्टीसाठी कळ काढावी लागते, मामा."

मी कळच काढत होतो.

तिकिटाच्या रांगेनंतर एक सरकता जिना. असा जिना मी जन्मात पाहिला नाही आणि पुन्हा बघायची इच्छाही नाही. लांबी ८२ मीटर, आणि मधे असा कमानदार की खालून वरचं टोक दिसतच नाही. कुठं निघालोय हे कळू नये अशी वास्तुकारांची कल्पना म्हणे. मला ते नेमकं माहीत होतं. अजून किती, एवढंच कळत नव्हतं. चकचकीत चकत्या जडवलेल्या पांढऱ्या भिंती, मंद प्रकाश, आणि अडीच मिनिटांची ती संथ, देवळातल्यासारखी चढण. पुढं सगळी जर्मन मंडळी शिस्तीत उजवीकडं उभी. डावी बाजू मोकळी होती, पण धावायच्या अवस्थेच्या मी पलीकडं गेलो होतो.

"वरचं मोठं सभागृह ३६२ स्प्रिंगांवर ठेवलंय," मागून भाचा. "बाहेरचा कुठलाच हादरा आत पोचत नाही."

एक स्प्रिंग मला मिळाली असती तरी मी सरकारचा आभारी राहिलो असतो. जिना संपला आणि पुढं, देवा, आणखी एक जिना निघाला.

३७ मीटर उंचीवरच्या त्या प्लाझावर पोचलो. सगळी गर्दी कठड्याकडं, नजाऱ्याकडं धावली. मी भिंतीवरची ती ओळखीची छोटी बाहुली पाहिली आणि एकटाच उलट दिशेला सुटलो.

आत किती वेळ होतो, सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा हाम्बुर्ग बदललं होतं. बंदर सुंदर होतं, क्रेन सुंदर होत्या, वारासुद्धा आल्हाददायक. मला शंकाच शंका सुचायला लागल्या: पलीकडची ती बोट कुठली, या विटा कुठून आणल्या, त्या उठवलेल्या २०,००० लोकांचं पुढं काय झालं?

ही कठड्याशी एकटीच उभी होती, तीन जॅकेटं सांभाळत.

"भाचेबुवा कुठं गेले?"

"तुमच्या पाठोपाठच पळाला तो," ही म्हणाली. "त्या गोदामांपासून धरून बसला होता बिचारा. मामांना कसं सांगू म्हणून."