ढगातला तो हात ख्रिस्टियानचा नव्हे

एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवरून आलाय. चांदीच्या नाण्याचा फोटो आणि खाली मजकूर: '1622 साली जर्मनीतल्या ख्रिस्टियान नावाच्या नास्तिक राजाने चर्चमधल्या बारा प्रेषितांच्या चांदीच्या मूर्ती वितळवून हे नाणं पाडलं. लढाईत त्याचा हात गेला होता, म्हणून नाण्यावर त्याचा लोखंडी हात आहे. जगात एकच नग शिल्लक!' नाणं खरं आहे, सालही खरं आहे. बाकीच्या मजकुरात हीण फार.

आधी हात. नाण्यावर ढगातून बाहेर आलेला चिलखती हात आहे, मुठीत उभी तलवार. ख्रिस्टियानचा डावा हात खरंच गेला, पण तो जखमी झाला 29 ऑगस्ट 1622 रोजी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या तीस वर्षांच्या युद्धात, आजच्या बेल्जियममधल्या फ्लेरूसच्या लढाईत. नंतर नेदरलँड्समधल्या ब्रेडा इथे नगारे-कर्णे वाजत असताना तो कापला, आणि पुढे त्याने लोखंडी हात करवून घेतला. नाण्याची चांदी मात्र त्याच वर्षी जानेवारीअखेर जर्मनीतल्या पाडेरबॉर्न शहरात हाती लागली होती. मे महिन्यात तो वेस्टफालिया, म्हणजे पाडेरबॉर्नचा प्रांत, सोडून निघाला, तोवर ही नाणी सैनिकांच्या खिशात खुळखुळत होती. तेव्हा त्याचे दोन्ही हात शाबूत होते! ढगातून येणारा हात ही त्या काळच्या युरोपातली ठरलेली खूण. तो देवाचा हात.

आता 'नास्तिक'. दर्शनी बाजूवर ठळक ओळी आहेत: 'गोट्टेस फ्रॉइंट, डेर फाफेन फाइंट', म्हणजे देवाचा मित्र, फाफांचा शत्रू. मागच्या बाजूला फ्रेंच बोधवाक्य, 'सर्व काही देवासोबत'. दोन्ही बाजूंना देवाचं नाव घेणारा हा कसला नास्तिक? 'फाफ' हा शब्द एके काळी साध्या धर्मगुरूसाठी होता. लूथरच्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ वेगळा झाल्यावर, तो कॅथलिक पुरोहितांना हिणवायला वापरू लागले. आपल्याकडे 'बुवा'चं 'बुवाबाजी'त जे झालं, तसंच काहीसं. गंमत म्हणजे हा पुरोहितांचा शत्रू स्वतः 1616 पासून हाल्बरश्टाटच्या बिशपच्या गादीवर होता, प्रोटेस्टंट प्रशासक म्हणून. आणि राजा तर तो कधीच नव्हता. ब्राउनश्वाइगचा ड्यूक त्याचा थोरला भाऊ.

बारा मूर्तींची गोष्ट चविष्ट आहे. 'तुम्हाला तर जगभर फिरायची आज्ञा आहे, इथे काय उभे?' असं म्हणून त्याने प्रेषितांना, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्तींना, मुशीत घातलं म्हणे. हीच गोष्ट म्युन्स्टर शहराच्या नावावरही सांगतात, आणि ते शहर त्याने कधी जिंकलंच नाही. इंग्लंडात थोड्या फरकाने ती तिथला प्रोटेस्टंट सेनानी क्रॉमवेल याच्या नावावर खपते. पाडेरबॉर्नच्या कॅथेड्रलमधून गेली ती शहराचे आश्रयदाते संत लिबोरियस यांची अस्थिपेटी आणि इतर खजिना. पेटी वितळली, अस्थी वाचल्या. 1627 मध्ये त्या परत आल्या आणि हान्स क्राको या सोनाराने त्यांच्यासाठी नवी पेटी घडवली.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1619 ते 1623 या काळात जर्मन टांकसाळी तांबं मिसळून हिणकस नाणी ओतत होत्या. सराफ तराजूवर चांगली नाणी निवडून वितळवायचे, वाईट बाजारात सोडायचे. अशा दिवसांत भाडोत्री शिपाई हिणकस पगार घेऊन थोडाच लढणार? म्हणून ख्रिस्टियानने पूर्ण वजनाचे थालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, पाडले, सुमारे 29 ग्रॅमचे, म्हणजे आपल्या जुन्या राणीछाप रुपयाच्या अडीचपट. धर्मयुद्धाची घोषणा ठशावर होती, पण शिपायांना धरून ठेवलं ते चांदीच्या कसाने. खंडणीची पत्रं तो कोपरे जाळून, म्हणजे जाळपोळीची धमकी देत, पाठवायचा, ते याच पैशासाठी.

राहता राहिला 'एकच नग'. थालर दुर्मीळ आहे, महाग आहे, पण संग्रहालयांत आहे आणि लिलावातही येत असतो. सोन्यात पाडलेले नग त्याहून विरळा. मागाहून पाडलेल्या नकलाही बऱ्याच फिरतात. तेव्हा कुणी 'जगातला एकमेव' म्हणून हातावर ठेवलाच, तर आधी तो काट्यावर टाका.