वडील काय करतात?

आज दुपारी साडेतीनला एका विद्यार्थिनीचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून लिहितोय. बीड जिल्ह्यातली पोरगी. आईवडील दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून फडात. एम.ए.ला फर्स्ट क्लास, नेट (प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची परीक्षा) पास. आज पीएचडीचा इंटरव्ह्यू होता. विषय ऊसतोड बायकांचं आरोग्य, म्हणजे गर्भपिशवी काढण्याची ती ऑपरेशनं, ज्यावर २०१९ ला एवढी बोंब झाली, सरकारने समिती नेमली, तोच.

तिला विचारलं काय, तर "तुम्ही स्वतः त्याच घरातल्या, मग ऑब्जेक्टिव्ह कशा राहणार?"

ती म्हणाली, "माझ्या आईचीच पिशवी काढलीय सर, म्हणून तर हा विषय घेतला." मग एकजण म्हणाले, इंग्रजीत सांगा. आणि तिथे ती अडकली. सहा मिनिटांत बाहेर.

कारखानदाराचा मुलगा सहकार चळवळीवर पीएचडी करतो तेव्हा त्याला कोणी विचारतं का हो, तू ऑब्जेक्टिव्ह कसा राहणार म्हणून? त्याच्या घरचं ते ज्ञान, आणि हिच्या घरचा तो पूर्वग्रह?

मी २००८ ला अशाच एका खोलीत बसलो होतो. मावसभावाचा शर्ट, खाकी लिफाफ्यात सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा. पहिलाच प्रश्न, वडील काय करतात. म्हटलं, ऊसतोडीला जातात. समोरच्या सरांनी पेनाला टोपण लावलं. बस. पुढचे सगळे प्रश्न झाले, उत्तरंही दिली, पण ते टोपण परत निघालं नाही. मार्क कशाने लिहिले असतील?

लेखी परीक्षेत तुमचा पेपर असतो, तो परत काढून बघता येतो. इंटरव्ह्यूचं काय उरतं? २०१६ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पीएचडी प्रवेशाच्या नियमात तर लेखी फक्त पास होण्यापुरती आणि निवड सगळी तोंडीवर होती, दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पोरं त्याविरुद्ध रस्त्यावर बसली, त्याच जेएनयूत तोंडीचे मार्क तपासणाऱ्या नाफे समितीने तोंडीचे मार्क ३० वरून १५ करा असं सांगितलं होतं. २०१८ ला लेखीला ७०, तोंडीला ३० असं आलं. २०२४ पासून नेटच्या मार्कांवरही प्रवेश मिळतो, तिथेही ३० तोंडीलाच, आणि जेआरएफवाल्यांची (नेटमधून संशोधनाची फेलोशिप मिळवणाऱ्यांची) निवड तर निव्वळ इंटरव्ह्यूवर. आरक्षणाच्या जागा कागदावर आहेत, पण दोन मार्कांनी जागा जाते तिथे ३० मार्क त्या खोलीतल्या चारपाच माणसांच्या हातात.

हो, मान्य, संशोधन करणाऱ्याशी बोलून बघावं लागतं, नुसत्या पर्यायांवर टिक करून कोणी संशोधक होत नाही. बोला ना मग. पण मराठीत बोलू द्या. प्रत्येक प्रश्नाचे मार्क तिथल्या तिथे लिहा, रेकॉर्डिंग ठेवा. आणि वडील काय करतात हा प्रश्न कायमचा बंद करा, त्याचा सिनॉप्सिसशी काडीचा संबंध नाही.

मला ते टोपण आजही दिसतं. मी स्वतः पॅनेलवर बसतो तेव्हा पेन उघडंच ठेवतो, समोरचं पोरगं बाहेर जाईपर्यंत. तेवढंच माझ्या हातात आहे. आपल्यातले कितीतरी जण आता प्राध्यापक आहात, पॅनेलवर बसता, आणि तुम्हीही इंग्रजीत सांगा म्हणता हे मला माहितीय. राग येऊ द्या माझा, चालेल. तुम्हीही अशाच घरातून आलात ना रे?

रडत नव्हती ती. उलट मलाच म्हणाली, "सर, तुम्ही जेवलात का?" आईला अजून सांगितलं नाही म्हणे, आई तिकडे फडात, दिवसा फोन उचलत नाही, रात्री मोळ्या भरून झाल्या की बोलते.

उद्या सकाळी ती घरी येतेय, दुसऱ्या विद्यापीठाचा फॉर्म भरायचाय. समाजशास्त्रात कोणा गाईडकडे जागा शिल्लक असेल आणि तो मराठीत ऐकून घेणारा असेल तर मला इनबॉक्स करा. रात्री कितीही वाजता, जागाच आहे.